कौसाबाईच्या हातावरचं कोर्ट

कौसाबाईच्या घरात नवी वस्तू आली की तिला आधी अटक व्हायची.

मग ते ब्लाउजचं कापड असो, परकराची नाडी असो, इलॅस्टिक असो, नाहीतर कुणी प्रेमाने आणून दिलेलं टिकल्यांचं पाकीट असो. त्यातला बोटभर तुकडा ती डाव्या हाताच्या आतल्या बाजूला, कोपराच्या जरा खाली ठेवायची, वरून जुन्या धोतराची पट्टी बांधायची आणि समोर असेल त्याला ऐकवायची, "दोन रोज कोठडी. तिसऱ्या रोजी निकाल."

तिसऱ्या दिवशी ती दुकानाच्या पायरीवर उन्हात उभी राहून पट्टी सोडायची. खाली कातडी नितळ असली की म्हणायची, "सुटला!" आणि लाल पुरळ दिसली की तो तुकडा चिमटीत धरून अशा नजरेने बघायची की त्या तुकड्याला पाय असते तर तो रायपूरपर्यंत पळाला असता.

माझं औषधाचं दुकान तिच्या दुकानाला लागून. गडचिरोली जिल्ह्यातलं आमचं गाव म्हणजे एक डांबरी रस्ता, त्याच्या दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांमागे लगेच सागवान. आमच्या दोघांमध्ये एकच भिंत, आणि तीही छपरापर्यंत पोचलेली नव्हती. वर हातभर फट होती. त्या फटीतून तिची शिलाई मशीन मला ऐकू यायची आणि माझी गिऱ्हाइकं तिला. कुणी माझ्याकडे येऊन हळूच, लाजत, "भाऊ, काखेत आग होऊन राह्यली" असं म्हणालं की पलीकडची मशीन थांबायची आणि फटीतून आवाज यायचा, "नवं बनियन घेतलं का गा?"

माणूस दचकून वर बघायचा. त्याला वाटायचं, आकाशवाणीच झाली.

"हाव," तो म्हणायचा.

"धुतलं होतं का घालायच्या आधी?"

"नाई."

"दोन-तीन डाव धू, मंग घाल. जा घरी. मलम नको घेऊ."

मी भिंतीवर थापा मारून ओरडायचो, "बाई, हे माझं दुकान आहे!" पलीकडून नुसता मशीनचा खडखडाट. त्या खडखडाटात हसू असायचं, हे मी शपथेवर सांगतो.

कौसाबाई घुग्घुसची लेक. लग्न होऊन आमच्या गावात आली. नवरा देवराव वीज खात्यात लाइनमन, सज्जन आणि अबोल. अबोल असण्यावाचून त्याला इलाजही नव्हता, कारण घरातलं सगळं बोलणं तिने वापरून टाकलेलं असायचं. त्याचे रबरी हातमोजे घरात यायचे नाहीत. अंगणातल्या खुंटीवर त्यांचा मुक्काम. देवराव संध्याकाळी आला की आधी हातमोजे खुंटीला, मग दगडावर हात धुणं, मग उंबरा. एखाद्या मोठ्या देवस्थानातसुद्धा इतकं सोवळं पाळत नसतील.

उंची बेताची, आवाज अजिबात बेताचा नाही. अंगावर सुती पातळ, इतक्या वेळा धुतलेलं की आपला मूळ रंग कोणता हे ते पातळही विसरलेलं. ब्लाउजला हूक नाही, कापडाच्या गाठी आणि त्यांना अडकवायला कापडाचेच फासे. हातात काचेच्या बांगड्या. कपाळाला हळद-चुन्याचं घरी केलेलं कुंकू. कात्रीच्या मुठीला सुती चिंधी गुंडाळलेली. बोटातलं अंगुस्तान चक्क बांबूचं, आमच्या गावच्या बुरडाकडून तिने चार वेळा परत करून, पाचव्यांदा मनासारखं करून घेतलेलं. टाचणी तिच्या दुकानात नव्हतीच. सगळं कापड कच्च्या दोऱ्याने जोडून घ्यायची. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "टाचणी म्हंजे आळशी माणसाचा टाका."

"आणि सुई? ती पण धातूचीच."

"सुईचं आन माहं लगन झालं हाय, भाऊ. भांडतो. सोडत नाई."

आता एक कबुली देतो. तिच्या या सगळ्या तपासकामाची सुरुवात माझ्या गुन्ह्यातून झाली.

दुकान टाकून तिला वर्ष झालं असेल. एक दिवस आली ती दोन्ही मनगटं पुढे करून. लाल, सुजलेली, भेगा पडलेली. मी त्या काळी स्वतःला अर्धा डॉक्टर समजत होतो, आणि तो अर्धा भागही बोलणारा होता, शिकलेला नव्हता. एक ट्यूब दिली. चार दिवसांनी ती आली, हात जास्त लाल. मी म्हटलं, "बाई, तुम्ही कमी लावलं." दुसरी ट्यूब दिली. पुढच्या आठवड्यात आली तेव्हा तिचे हात पिकून फुटलेल्या टेंभराच्या फळासारखे झाले होते. तिने ट्यूब माझ्या काउंटरवर उभी केली.

"भाऊ, ह्याचं नाव मलम हाय का सूड?"

मग तिने काय करावं? मनगटापासून दूर, जिथे कातडी चांगली होती तिथे, डाव्या हातावर त्या मलमाचा एक ठिपका लावला, वरून पट्टी बांधली आणि निघून गेली. तिसऱ्या दिवशी परत आली. पट्टी सोडली. ठिपक्याएवढाच लाल गोल, जसा पाटलाने शिक्का मारावा.

मलमातलंच औषध तिला बाधत होतं. मी उपचार म्हणून रोज आगीत तेल ओतत होतो. त्या दिवसापासून चिठ्ठीशिवाय अंगाला लावायची ट्यूब मी कुणाला दिली नाही. आणि कौसाबाईला मात्र त्या दिवशी आपला गुरू सापडला: तिचाच डावा हात.

पुढे देवराव तिला नागपूरला कातडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. त्यांनी पाठीवर ओळीने औषधाच्या पट्ट्या चिकटवल्या आणि पाठ ओली करू नका म्हणून बजावलं. दोन रोजांनी पट्ट्या काढल्या, आणखी दोन रोजांनी पुन्हा पाठ पाहिली, आणि यादी दिली. नकली दागिन्यांतला, हुकांतला, बटनांतला धातू. रबर. टिकलीचा डिंक. काळा कलप. नव्या कापडाला सुरकुती पडू नये म्हणून लावतात ते रसायन. गडद निळा नि काळा असे काही रंग. वर एक सल्ला दिला.

हा सल्ला ती आम्हाला साभिनय सांगायची. डॉक्टरांचा चष्मा म्हणून ती कात्रीच्या दोन मुठी डोळ्यांपुढे धरायची.

"डाक्टर म्हणे, बाई, तुमी शिवणकाम सोडा. मी म्हणलं, मंग काय करू? म्हणे, घरी राहा. म्हणलं, साहेब, घरात भांड्याची पावडर हाय, रबराची चप्पल हाय, सासूचा बाम हाय. घरात सगळे आरोपी मोकळे फिरून राह्यले. दुकानात निदान पोलीस मी हाय!"

"मग डॉक्टर काय म्हणाले?"

"हासले. म्हणे, मंग नीट पहारा द्या."

तिने ती यादी दुकानात देवाच्या फोटोशेजारी लावली. खाली रोज उदबत्ती लावायची नाही, कारण उदबत्तीचा वासही तिला मानवायचा नाही. फुलं ठेवायची. नवीन येणाऱ्या बाईला वाटायचं, हे कसलं तरी स्तोत्र आहे. दोघीतिघींनी तर यादीला हातही जोडलेले मी पाहिले आहेत.

आणि हळूहळू तिने जे शोधून काढलं ते मला कुठल्या औषध कंपनीच्या माणसाने कधी सांगितलं नव्हतं. ती म्हणायची, "अंगाची खाज म्हंजे आळशी कुत्रं. चोर येते सोमवारी आन हे भुकते बुधवारी. म्हणून लोक बुधवारी आलेल्या पाव्हण्याले धरते आन चोर मोकळाच राह्यते." आज काय खाल्लं, आज काय लावलं, हे ती विचारायचीच नाही. परवा काय नवं अंगाला लागलं, ते विचारायची.

तिची कीर्ती झाली ती देवरावच्या भाचीच्या लग्नात. तिकडच्या बायकांनी आधी तिची भरपूर टर उडवली. एक काकू म्हणाल्या, "काय वं कौसे, लगनात आली का धान लावाले?" हिचं पातळ तेच, विटकं. हिने उत्तर दिलं, "काकू, तुमचं पातळ चमकते, इकडं मीच चमकतो." तेवढ्यात आतून रडण्याचा आवाज. नवरीच्या गळ्याखाली आग आग. नकली हार दोन दिवस आधीच्या हळदीपासून गळ्यात होता, आणि आता त्याच्या प्रत्येक फुलाखाली एक लाल फूल उमटलं होतं. बायका म्हणू लागल्या दृष्ट लागली, कुणी मिरच्या शोधायला धावलं.

कौसाबाईने हार काढायला लावला. मिरच्यावालीला म्हणाली, "भाजीत टाक त्या." पिशवीतून जुन्या धोतराचा तुकडा काढला, हार त्याच्यावर पालथा ठेवून त्या मापाने कापड कापलं, आणि मांडवात बसून हाराच्या मागे अस्तर शिवून दिलं. कानातल्याच्या दांडीला कापड शिवता येईना, तर ती कानातली सरळ नवरीच्या आईच्या कानात घातली आणि आईची सोन्याची नवरीला. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या आत नवरी हसत उभी. फोटोत तो हार दिसतो, अस्तर दिसत नाही. मला विचाराल तर सगळ्या संसाराचं हेच सूत्र आहे, पण कौसाबाईला असली वाक्यं आवडायची नाहीत, म्हणून राहू द्या.

त्यानंतर अस्तराला लोक यायला लागले. घड्याळाच्या पट्ट्याला अस्तर, पँटच्या बटनामागे अस्तर, चपलेच्या अंगठ्याला सुती वेटोळं. तिच्या माहेरहून, घुग्घुसहून, एक सिमेंट कारखान्यातला कामगार आला, त्याच्या हेल्मेटचा पट्टा हनुवटीला चावत होता. माजरीहून एका खाणकामगाराची बायको त्याचे बूट पिशवीत घालून घेऊन आली. कौसाबाईने बूट लांबून काठीने उलटवून पाहिले आणि म्हणाली, "नवऱ्याले घेऊन यायचं, बाई. बुटाले कुठी खाजते?"

असं सगळं बरं चाललं असताना आश्रमशाळेचं काम आलं.

गावाबाहेरच्या आश्रमशाळेत साठ मुली राहत होत्या, आतल्या जंगलगावांतल्या. त्यांच्या गणवेशाचे कुडते शिवायचं काम हेडमास्तरांनी कौसाबाईला दिलं. तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. जमलं तर दरवर्षी तुमचंच, असंही सांगितलं. तिने दुसऱ्या मशीनसाठी दुकानात जागा करून ठेवली. हेडमास्तर मोठे कडक गृहस्थ. मिशी अशी की तीसुद्धा प्रार्थनेला सरळ रांगेत उभी. त्यांना पंधरा दिवसांत कुडते हवे होते. कौसाबाईने आठ दिवस नुसतं कापड धुतलं. तीन-तीन वेळा धुऊन, कुंपणावर वाळवून, खळ पुरती निघेपर्यंत कात्री लावली नाही.

"अहो, शिवणार कधी?" हेडमास्तर.

"गुरुजी, ज्या कापडानं माह्या हाताले कायी केलं नाई ते पोरीच्या अंगाले जाईन. आधी नाई."

कुडते वेळेवर गेले. आणि दहा-बारा दिवसांनी हेडमास्तर तणतणत आले. मी माझ्या काउंटरवरून सगळं ऐकत होतो, फट होतीच.

"बाई, निम्म्या मुलींच्या मानेला फोड आलेत. पाणी गळतंय. खरूज पसरली शाळेत."

"माह्या कुडत्यानं?"

"तुमच्या हातांना काय आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. मी विश्वास टाकला, ही माझी चूक. पुढच्या सोमवारी मुलींना जिल्ह्याच्या क्रीडास्पर्धेला जायचंय. असा रोग घेऊन त्यांना कोण उभं करेल? उद्या कुडते परत पाठवतो. जाळा नाहीतर काही करा."

आणि गेले. मी वाट बघत राहिलो की पलीकडून आता फटाका फुटेल. काहीच नाही. मशीनही नाही.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून बायका यायला लागल्या. कुणी म्हणे कापड परत दे, दिवाळीला शिवू. कुणी म्हणे नणंदेकडे शिवते. न शिवलेल्या ब्लाउजपीसच्या घड्या एकामागून एक बाहेर पडत होत्या. त्यातल्या एकीने तर घडी पदरात धरून घेतली, हात लागू नये म्हणून. कौसाबाईने प्रत्येकीला नावानिशी घडी दिली. चुकून एकही घडी बदलली नाही.

मग तिने फटीतून हाक मारली. "भाऊ."

"हो."

"खरजेचं औषध कोणं नेलं शाळेत?"

"मीच दिलं. आरोग्यसेवकाची चिठ्ठी होती."

"उतार पडला का?"

"उलट वाढलं म्हणतात."

मशीन नाही, पण पलीकडे काहीतरी सुरू झालं असं मला जाणवलं. "शटर लावा. चला माह्यासंगं."

"मी कशाला?"

"तुमचा शर्ट पांढरा हाय. लोकाले डाक्टर वाटते."

शाळेत आजारी मुलींना वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. हेडमास्तर दारातच आडवे झाले. "आत जायचं नाही."

"जात नाई. खिडकीतून पाह्यतो. पोरी हो, पाठी करा रे इकडं. झिपऱ्या वर घ्या."

तीसेक मुलींनी वेण्या वर उचलल्या. कौसाबाई खिडकीच्या गजांना नाक लावून एकेक मान बघत गेली. मग तिने गळ्यातली टेप काढली आणि खिडकीतून एका मुलीच्या मानेपाशी धरली. दुसऱ्या मुलीच्या. तिसऱ्या.

"गुरुजी, खरूज पाह्यली का तुमी कधी?"

"म्हणजे काय?"

"खरूज बोटाच्या बेचक्यात असते, मनगटावर असते, पोटावर असते. भटकी असते ते. हे पाहा. सगळ्याइच्या मानेच्या मधोमध, दोन बोटं लांब, एक बोट रुंद. रोग काई माप घेऊन येत नाई. माप घेते शिंपी, नाईतर..." ती थांबली. "एक कुडता द्या मले."

कुडता आला. तिने गळा उलटा केला. आतल्या बाजूला, मानेशी टेकणाऱ्या पट्टीवर, काळ्या ठिपक्यांचा आकडा होता. सतरा.

"हे मी नाई केलं."

"तो नंबर आहे," हेडमास्तर म्हणाले. "साठ कुडते एकसारखे, एकत्र धुतले की अदलाबदल होते. आमच्या सोमीबाईने घातले सगळ्यांवर."

सोमीबाई ही शाळेतली जुनी कामाठी, मुलींना आजीसारखी. ती झाडू हातात घेऊनच पुढे आली. "हाव, मीच घातले. सुई खुपसून खुपसून."

"कायच्यात खुपसून, बाई?"

"बिब्ब्यात. दुसरं काय? पेनाचं दोन धुण्यात जाते. बिब्बा फाटेस्तोवर जात नाई. माही माय धोब्याची होती, साऱ्या गावाचे कपडे बिब्ब्याच्या खुणेनंच ओळखे ते."

आता बाहेरच्या वाचकासाठी सांगतो, बिब्बा उततो, म्हणजे त्याचं तेल लागलं की अंगावर फोड येतात, हे आमच्याकडे बोलता येऊ लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. जंगलात त्याच्या झाडाखालून जाताना आम्ही अंग चोरून जातो. पण तो ओला, फळातला बिब्बा. सुकलेला, चुन्यात काळा झालेला, धुतलेला बिब्बा म्हणजे आमच्या दृष्टीने शाई. तो बाळंतिणीच्या खोलीत असतो, धान्याच्या कणगीत असतो, पायाच्या कुरुपावर असतो. घरच्या माणसावर कोण संशय घेणार? आणि ठिपका पडल्यापासून फोड यायला दिवस गेले होते. बुधवारी समोर दिसली ती कौसाबाई.

"सुकलेला बिब्बा उतत नाही," हेडमास्तर म्हणाले. "आणि तो धुतलेला आहे."

"गुरुजी, माह्या हातावर लावून दाखवू?"

"तुमच्या हाताला सगळंच उततं. त्यावरून काय सिद्ध होणार?"

हा टोमणा खरा होता. तिच्या कोर्टाला गावात मान होता, पण या खटल्यात न्यायाधीशच आरोपी होता. कौसाबाईने क्षणभर आपल्या हाताकडे पाहिलं. मग हेडमास्तरांकडे.

"मंग तुमचा द्या."

"काय?"

"हात. तुमाले तर कायीच होत नाई ना? जंगलातले तुमी. दोन तुकडे बांधतो. एकच कापड, एकच दोरा, एकच शिंपीण. एकावर बिब्ब्याचा ठिपका, एकावर नाई. माह्या शिलाईत रोग असन तर दोन्हीखाली फोड येईन."

मुली खिडकीपाशी गोळा झालेल्या. तीस मुलींसमोर मागे हटणं हे त्या मिशीला शक्यच नव्हतं. हेडमास्तरांनी बाही वर केली. "बांधा."

"खाजन बरं, गुरुजी."

"बांधा म्हणतो ना!"

तिने कुडत्याच्या गळ्यातले दोन तुकडे कापले, एक ठिपक्याचा, एक कोरा, आणि दोन्ही त्यांच्या हातावर वितभर अंतराने बांधले. मला साक्षीदार म्हणून गाठींवर सही करायला लावली. मी केली. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या सहीला काही अर्थ होता.

पुढचे दोन दिवस कौसाबाई दुकानात नुसती बसून होती. मी म्हटलं, "बाई, समजा त्यांना नाही उतलं तर? काहींना नाही उतत."

"मंग मशीन विकन," ती म्हणाली. तिने हे इतक्या हळू सांगितलं की मला फटीपाशी कान न्यावा लागला.

तिसऱ्या दिवशी सकाळी प्रार्थनेच्या वेळी आम्ही शाळेत गेलो. अंगणात मुली, शिक्षक, स्वयंपाकी, आणि आतल्या गावांतून काही आईबापही आलेले. सोमीबाई खांबाच्या मागे, पदर तोंडाला लावून. हेडमास्तर पूर्ण बाहीचा शर्ट घालून आले होते. प्रतिज्ञा सुरू झाली. सारे भारतीय माझे बांधव आहेत इथपर्यंत ते पोचले आणि त्यांचा उजवा हात आपोआप डाव्या बाहीवर गेला. मुलींच्या रांगेतून खी खी. ते हात खाली घेत, हात परत वर जाई. प्रतिज्ञा संपेपर्यंत तो हात चार वेळा गेला आणि चौथ्यांदा कौसाबाई म्हणाली, "गुरुजी, बाही वर घ्या. जनता वाट पाहून राह्यली."

मी गाठी तपासल्या. माझीच सही. पहिली पट्टी सोडली, कोऱ्या तुकड्याची. कातडी स्वच्छ. दुसरी सोडली. तिथे दोन बोटं लांब नि एक बोट रुंद अशी लालबुंद सूज, आणि त्यावर बारीक पाण्याचे फोड टपोरलेले. एवढ्या स्पष्ट अक्षरात मी कुठल्याच कोर्टाचा निकाल पाहिला नाही.

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. त्या गोंधळात सोमीबाई खांबामागून येऊन मुलींपुढे हात जोडू लागली. हेडमास्तर तिच्याकडे वळले तशी कौसाबाई मधे उभी राहिली.

"तिले कायी म्हणायचं नाई. तिनं पोरीचे कपडे हरवू नये म्हणून केलं. बोलायचंच असन तर आधी मले जे बोलले ते वापस घ्या."

हेडमास्तरांनी घसा साफ केला. मिशी पहिल्यांदाच वाकडी झालेली मी पाहिली. "बाई, माझं चुकलं."

"मोठ्यानं. मागच्या रांगेले ऐकू नाई आलं."

त्यांनी मोठ्याने म्हटलं. माणूस कडक होता, पण खोटा नव्हता.

ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी मुली तपासल्या, खरूज नाही म्हणून लिहून दिलं, औषध दिलं. पण कुडत्यांवरचा बिब्बा काही निघणारा नव्हता, आणि स्पर्धा चार दिवसांवर. कौसाबाईने साठही कुडत्यांच्या गळ्याची पट्टी कापून काढली आणि नवी बसवायला घेतली. ब्लाउजपीस परत नेलेल्या बायका आता उसवायला, कच्चा दोरा घालायला आपणहून आल्या. तिने कुणाला एक शब्द ऐकवला नाही. फक्त जिने घडी पदरात धरली होती तिला सोमीबाईशेजारी बसवलं. सोमीबाई तपकीर ओढून दर पाच मिनिटांनी शिंकायची.

आकडे मात्र तिने घातले नाहीत. "पोरी काय बैल हायेत का, नंबर टाकाले?" प्रत्येकीला विचारलं, तुझी खूण काय? कुणी मोहाचं फूल म्हणालं, कुणी मासा, कुणी मोर, एकीने सायकल सांगितली. गळ्याच्या मागच्या बाजूला, बाहेरून, पांढऱ्या सुती दोऱ्याने साठ खुणा. सायकलीची चाकं जरा चौकोनी झाली, पण ती मुलगी म्हणाली, चालते.

पुढच्या उन्हाळ्यात देवरावची बदली सिरोंच्याला झाली आणि कौसाबाई गेली. तिकडे नदीकाठी तिने दुकान थाटलंय आणि आता तेलुगूतही लोकांना झापते, असं कळतं. आमच्यातली फट मी अजून बुजवलेली नाही. पलीकडे मोबाइलवाला आहे आणि त्याच्याकडून काहीच ऐकण्यासारखं येत नाही. पण मला ती डोळ्यांपुढे येते ती त्या सोमवारच्या सकाळची.

स्पर्धेला निघालेल्या मुलींची बस बाजारातून चालली होती. आमच्या दुकानांपाशी आली तशी आत काहीतरी खूण झाली असावी. सगळ्या मुली एकदम जागेवर उलट्या वळल्या आणि वेण्या वर उचलून त्यांनी आपल्या माना खिडक्यांना लावल्या. मासे, मोर, मोहाची फुलं, ओळीने पुढे सरकू लागली. पाठ दाखवून कुणाचा असा सत्कार झालेला मी ऐकलेला नाही. मी टाळ्या वाजवत होतो. खरं म्हणजे डोळेही पुसत होतो. सत्कारमूर्ती पायरीवर टेप गळ्यात घालून, डोळे बारीक करून बघत होती.

"ए, थांबव रे गाडी!"

ड्रायव्हरने घाबरून ब्रेक मारला. हेडमास्तर दारात आले. "काय झालं बाई?"

"तिसऱ्या खिडकीतली मोरवाली. खाली पाठवा तिले. टाका सुटला."

"बाई, उशीर होतोय. दहाला हजेरी आहे."

ती सुईत दोरा ओवत रस्त्यावर आली. मुलगी उतरली, पाठ करून उभी राहिली. मागे दोन ट्रक आणि एक बैलगाडी अडली. ट्रकवाले हॉर्न वाजवू लागले, बसमधल्या मुली चेकाळून ओरडू लागल्या, हेडमास्तर घड्याळ पाहत राहिले. कौसाबाईने भर रस्त्यात, भर उन्हात, मोराच्या पिसाऱ्यात सावकाश तीन टाके घातले, गाठ मारली, वाकून दोरा दाताने तोडला, आणि मग एक पाऊल मागे सरून ती मान बघितली.

"आखीन एक घालतो," ती म्हणाली.

ट्रकवाल्यांनी हॉर्न बंद केले.